विहीर न पाहिलेला बेडूक

मराठी वाचकाला बेडूक म्हटला की दोन जागा आठवतात, विहीर आणि डबके. कोल्हापूरच्या वाचकाला तिसरी आठवेल ती रंकाळ्याची, पण तीही शेवटी पाण्याचीच. पाणी आणि त्यात फुगून बसलेला, स्वतःच्या आवाजावर खूश असलेला एक हिरवट प्राणी, एवढ्या भांडवलावर आपल्या भाषेने बेडकाचा संसार शतकानुशतके चालवला आहे. 'कूपमंडूक वृत्ती' हा शब्दप्रयोग आम्ही स्वतः वर्गात आणि परीक्षणांत किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. संकुचित समीक्षकाला, गावाबाहेर न पडलेल्या कवीला, एकाच वादाला चिकटून बसलेल्या विचारवंताला हे विशेषण लावले की काम भागते.

कोल्हापूरहून पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरच्या किंवा आजऱ्यावरून आंबोलीच्या रानात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री गेले, तर जो मोठा गजर कानी पडतो त्यातला बराचसा भाग अशा बेडकांचा असतो, ज्यांचा विहिरीशी वा डबक्याशी जन्मापासून मरणापर्यंत काही संबंध येत नाही. झुडपांच्या पानांवर, कारवीच्या काठ्यांवर, शेवाळलेल्या खोडांवर बसून ते ओरडतात. अंगठ्याच्या पेराएवढे, फार तर त्याहून थोडे मोठे. बोटांच्या टोकांना बारीक चकत्या असतात, त्यांच्या आधाराने ओल्या पानाच्या उभ्या पाठीलाही ते चिकटून राहतात. काहींचा आवाज दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा कोरडा आणि टणक असतो, आणि आवाजाच्या रोखाने विजेरी धरली तरी आवाजाचा मालक सहसा दिसत नाही. इंग्रजीत त्यांना 'बुश फ्रॉग' म्हणतात. मराठीत काय म्हणावे हा प्रश्न साधा नाही. त्याच्याकडे आम्ही शेवटी येऊ, कारण प्रस्तुत लेखाचा विषय या बेडकांइतकाच त्यांच्या नावांचा इतिहास हाही आहे.

आधी त्यांच्या जगण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. शाळेच्या पुस्तकात बेडकाचे जे जीवनचक्र आपण रेखाटले (अंडे, शेपटीचा डिंभ, पाय फुटलेला डिंभ, बेडूक) ते या कुळाला लागू पडत नाही. मादी पाण्यात अंडी घालतच नाही. ओलसर पालापाचोळ्यात, मातीच्या उथळ खळग्यात किंवा पानावर ती मोजकीच, पण आकाराच्या मानाने मोठी अंडी घालते. अंड्यात बलक भरपूर असतो. डिंभाची सगळी अवस्था त्या पारदर्शक गोळ्याच्या आतच उरकते आणि काही आठवड्यांनी आतून बाहेर येतो तो पूर्ण घडलेला, तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर हा प्राणी आपले डबके अंड्यात घेऊन फिरतो.

ही युक्ती एकट्या सह्याद्रीची नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उतारांवर, ढगांत बुडालेल्या रानांत प्रिस्टिमँटिस नावाच्या छोट्या बेडकांचे कुळ आहे. त्याच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात असून पृष्ठवंशी प्राण्यांत एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही. तेही झुडपांवर राहतात, त्यांची अंडीही पाण्याबाहेर, आणि त्यांच्यातही मोकळा पोहणारा डिंभ नाही. आपल्या झुडपी बेडकांशी त्यांचे नाते फार दूरचे आहे. दोन खंडांतल्या दोन वेगळ्या कुळांनी डोंगरउतार, दाट धुके आणि वाहून जाणारे पाणी या सारख्या अडचणींवर सारखाच तोडगा काढला. त्याचा परिणामही दोन्हीकडे सारखाच झाला. पाण्याची गरज संपल्यावर ओढ्याच्या काठाशी राहण्याचे बंधन संपले, डोंगरमाथे मोकळे झाले आणि मधल्या कोरड्या खिंडींनी एकमेकांपासून तोडलेल्या माथ्यांवर वेगवेगळ्या जाती घडत गेल्या. पश्चिम घाटात राओर्केस्टेस या एकाच प्रजातीच्या साठाहून अधिक जाती आहेत, त्या यामुळे. हा तोडगा मिळाला त्याची किंमतही ठरली आहे. वरचे छत्र तुटले आणि पाचोळ्यातली ओल गेली की उघड्यावरची ती अंडी वाळतात.

अशा प्राण्याविषयी आपल्या वाङ्मयाने काय जाणले?

सुरुवात फार चांगली होती, असे म्हणावे लागते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३वे सूक्त मंडूकांचे आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे निपचित पडलेले बेडूक पर्जन्याच्या पहिल्या सरींनी जागे होतात, एकाचे बोलणे दुसरा शिष्याने गुरूचे म्हणावे तसे उचलतो, अशी तिथे कल्पना आहे. माक्स म्युलरला ते पुरोहितांचा उपहास वाटले. पुढच्या अभ्यासकांनी त्याला पर्जन्यविधीचे सूक्त मानले. हा वाद साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. सूक्तकाराला सगळे बेडूक एकसारखे दिसत नाहीत. कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा ओरडतो, कोणी ठिपक्यांचा आहे, कोणी हिरवा. नाव सर्वांचे एक, रूपे मात्र वेगळी, हेही तो नोंदवतो. आवाज आणि अंगावरची नक्षी या दोन खुणांवरून बेडूक ओळखावा, ही आजच्या वर्गीकरणशास्त्रज्ञाचीही रानातली पहिली पद्धत आहे. प्रयोगशाळेतले काम त्यानंतर येते.

ही नजर पुढे टिकली नाही. पंचतंत्रात गंगदत्त नावाचा मंडूकराज येतो तो विहिरीतच, आणि भाऊबंदकीचा सूड उगवण्यासाठी सापाला घरात घेणाऱ्या मूर्खाचे उदाहरण म्हणून येतो. न्यायांच्या यादीत कूपमंडूकन्याय स्थिरावला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कमळाचा कंद आणि दर्दुर एकाच घरी नांदतात, परागाचा भोग मात्र दुरून येणारा भ्रमर घेतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला चिखल उरतो. दृष्टान्त म्हणून तो अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही. पण बेडूक चिखलात पक्का बसला तो बसलाच. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आली, आणि बैलाएवढे होण्याच्या हव्यासाने फुगणारी इसापाची बेडकी मराठी शाळेत घरची झाली. १५ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत विहिरीतल्या आणि समुद्रातल्या बेडकाची गोष्ट सांगितली, तेव्हा या रूपकाला जागतिक व्यासपीठ मिळाले. आणि जपानी बाशोच्या ज्या बेडकाने जगभरच्या कवींना मौनाचा अर्थ शिकवला, तोही जुन्या तळ्यातच उडी मारतो.

रूपकाचा स्वभावच असा की ते प्राण्यातला एक गुण उचलते आणि बाकीचा प्राणी टाकून देते. यात गैर काही नाही, कवितेचे काम त्याशिवाय चालणार नाही. मात्र एखाद्या भाषेत एखाद्या प्राण्याविषयी रूपकाखेरीज दुसरे काही उरलेच नाही, तर तो प्राणी त्या भाषेला दिसेनासा होतो. मराठीत बेडूक शोधू गेले तर तो दंडातल्या बेडकुळीत सापडतो, मुलांच्या बेडूकउड्यांत सापडतो, पाऊस लांबल्यावर गावोगाव निघणाऱ्या धोंडीत सापडतो. कडुनिंबाचा पाला अंगाला बांधलेल्या पोरावर घरोघरी पाणी ओततात, आणि काही ठिकाणी त्याच्याबरोबर काठीला बांधलेला बेडूकही फिरतो. या सगळ्यांत बेडूक असतो, पण कोणता बेडूक, हा प्रश्न पडत नाही.

याचा अर्थ मराठी माणसाला बारकावे दिसत नाहीत असा मुळीच नाही. ज्या आजऱ्याच्या वाटेने आंबोलीला जायचे, त्याच आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाताच्या वाणांची नावे जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी किती असतात हे त्या भागात राहिलेल्याला सांगायला नको. बैलाच्या रंगाला, शिंगाच्या वळणाला, चालीला मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. पक्ष्यांची रानातली नावे मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर हिंडून वेचली आणि 'पक्षिकोशा'त बांधली. २०२५ मध्ये ते गेले, तरी ती नावे मराठीत राहिली. ज्याचा उपयोग, ज्याचे भय किंवा ज्याचे सौंदर्य, त्याला भाषा नावे देते. रात्री ओरडणारा, न दिसणारा, न खाल्ला जाणारा, कोणालाही न चावणारा पेराएवढा बेडूक या तिन्ही हिशेबांबाहेर राहिला.

त्याचे रान मात्र राखले गेले, तेही त्याच्यासाठी नव्हे. दाजीपूरचे जंगल कोल्हापूर संस्थानच्या शिकारीचे. शिकार टिकावी म्हणून रान टिकले. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी धरणाचे काम काढले, राधानगरी वसवली. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य झाले, आणि महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य म्हणून त्याची नोंद झाली. पुढे राधानगरी या नावाने ते ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हटले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार स्थळांत कास, कोयना आणि चांदोली यांच्या बरोबरीने राधानगरीचेही नाव आले. गव्याच्या सावलीत झुडपी बेडूक जगला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

शास्त्राच्या दरबारी या बेडकाला नाव मिळाले ते रेल्वेच्या कृपेने. गोव्याचे मुरगाव बंदर आणि ब्रिटिश मुलूख यांना जोडणारी लोहमार्गाची वाट घाट चढून जिथे येते, तिथे कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे स्टेशन आहे. घनदाट रानात थेट आगगाडीने उतरता येईल अशी जागा त्या काळी विरळाच. झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांच्या प्राण्यांवर १९१९ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये जे लिहिले, त्यात कॅसलरॉकच्या एका छोट्या झुडपी बेडकाचे वर्णन आहे. नाव ठेवले 'इक्सालस बॉम्बेएन्सिस'. बॉम्बे शहराशी त्या बेडकाचा काय संबंध? काहीच नाही. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला होता, म्हणून कॅसलरॉक 'बॉम्बे'त, आणि म्हणून बेडूकही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर आपल्याकडे किती शाई आणि किती रक्त सांडले हे कोल्हापूर-बेळगावच्या वाचकाला सांगण्याचे कारण नाही. शास्त्रीय नामकरणाचा नियम मात्र सीमा आयोग मानत नाही. एकदा नियमाप्रमाणे दिलेले जातिनाम कायम राहते, त्यामुळे एक मावळलेला प्रशासकीय विभाग आज एका बेडकाच्या पाठीवर जिवंत आहे.

प्रजातीचे नाव मात्र बदलत गेले, आणि ती कथा वाङ्मयाच्या माणसाला रुचावी अशी आहे. 'इक्सालस' हे नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेले असल्याने बाद झाले. मग बराच काळ 'फिलॉटस' चालले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आत्मप्रेमी. हे नाव कोणी कोणत्या लहरीत ठेवले असेल ते असो, विहिरीतल्या अहंमन्य बेडकाचा आरोप ग्रीक वेषात इथेही पाठलाग करतो आहे याची गंमत वाटते. २०१० मध्ये एस. डी. बिजू, योगेश शौचे, आलँ दुब्वा, एस. के. दत्त आणि फ्रँकी बॉस्युट यांनी या गटासाठी 'राओर्केस्टेस' ही नवी प्रजाती मांडली. यातला 'राओ' म्हणजे सी. आर. नारायण राव. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले हे प्राध्यापक. १९३७ मध्ये दक्षिणेतल्या अनेक बेडकांची पहिली वर्णने त्यांनी केली, आणि त्याआधी १९३२ मध्ये 'करंट सायन्स' हे नियतकालिक निघाले तेव्हा त्याचे ते पहिले संपादक होते. 'ऑर्केस्टेस' म्हणजे ग्रीकमध्ये नर्तक. हे बारसे झाले तेही 'करंट सायन्स'च्याच पानांवर. ॲनन्डेलने इलाख्याच्या नावाने नोंदवलेला बेडूक नव्वदएक वर्षांनी एका भारतीय अध्यापकाच्या नावाखाली आला, तो त्यानेच उभ्या केलेल्या नियतकालिकात. नावांच्या इतिहासात असा न्याय क्वचितच होतो.

आता आंबोलीकडे वळू. वर्षाला सातशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस, हिरण्यकेशीचा उगम आणि सावंतवाडी संस्थानापासूनचे थंड हवेचे ठाणे ही आंबोलीची जुनी ओळख. बेडकांच्या अभ्यासात तिचे नाव ठळक झाले ते एकविसाव्या शतकात. २००३ मध्ये वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गॉवर यांनी इथून एका देवगांडुळाचे (बिनपायाच्या, जमिनीखाली राहणाऱ्या उभयचराचे) वर्णन केले आणि त्याला मुंबईच्या बीएनएचएसचे जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले. २००९ हे वर्ष तर आंबोलीचेच म्हणावे. त्या वर्षी बिजू आणि बॉस्युट यांनी पश्चिम घाटातल्या झुडपी बेडकांच्या १२ नव्या जाती एकाच प्रबंधात मांडल्या. त्यांतली एक आंबोलीची, आणि तिचे नावही 'आंबोली'. त्याच वर्षी इथल्या सड्यावरचा, कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा भेक नव्या प्रजातीत गेला. 'झँथोफ्राइन', म्हणजे पिवळा भेक, या प्रजातीत त्याच्या शेजारी बसला तो १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी कोयनेहून वर्णन केलेला भेक. हे दोघे झुडपी नव्हेत. कातळावर पावसाने साचलेल्या वितीएवढ्या पाण्यात त्यांचा विणीचा हंगाम थोडक्यात उरकतो.

आंबोलीच्या झुडपी बेडकाची वंशावळ पाहिली तर वाट थेट समुद्रापार जाते. आज त्याची गणना 'स्यूडोफिलॉटस' या प्रजातीत होते. ही प्रजाती मुख्यतः श्रीलंकेची. तिथे तिच्या कित्येक डझन जाती आहेत. भारतात मोजक्याच, आणि त्यांतली एक इतकी उत्तरेला, महाराष्ट्रात. जनुकांचा अभ्यास सांगतो तो असा की या कुळाचे पूर्वज मुख्य भूमीवरून लंकेत गेले, तिथे बहरले, आणि लाखो वर्षांपूर्वी समुद्र उतरून जमीन उघडी पडली असताना त्यांतली एखादी शाखा परत आली. आंबोलीच्या घाटात करवंदीवर बसून ओरडणारा बेडूक हा त्या परतलेल्यांचा वंशज. कूपमंडूक या शब्दाचा अर्थ ज्याने आपली जागा कधी सोडली नाही असा होत असेल, तर या प्राण्याला तो शब्द लावताना जरा थांबायला हवे.

त्या श्रीलंकेतच नावांच्या इतिहासाचे सर्वात कठोर पान आहे. तिथल्या या प्रजातीच्या दीडएक डझन जाती नष्ट झाल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात कॉफीसाठी आणि नंतर चहासाठी डोंगर साफ झाले हे त्याचे एक मोठे कारण. २००७ मध्ये माधव मीगस्कुंबुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन 'नव्या' जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही जातींचे नमुने एकोणिसाव्या शतकात गोळा होऊन संग्रहालयाच्या बरणीत पडून होते. कोणीतरी निरखून पाहिले तेव्हा त्या वेगळ्या असल्याचे कळले, आणि तोवर रानात शोधूनही त्या सापडत नव्हत्या. म्हणजे बारसे आणि मृत्यूची नोंद एकाच निबंधात. आंबोलीच्या बेडकाला त्याच्या हयातीत नाव मिळाले ते या घटनेनंतर अवघ्या दोन वर्षांनी.

आपल्याकडे बरण्यांपर्यंतही न पोहोचता किती जाती गेल्या असतील, याचा अंदाज बांधण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. दिसते ते सांगतो. सड्यांच्या कातळाखाली बॉक्साइट आहे. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतल्या सड्यांवर त्यासाठी खाणी झाल्या. सडा म्हणजे पडीक खडक, अशी महसुली समजूत असल्याने त्यावर जगणाऱ्यांचा हिशेब कोणी विचारला नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये अहवाल दिला, आणि त्यावर सिंधुदुर्ग-कोल्हापुरात जे वादंग झाले ते ताजेच आहे. खाण, काजूची लागवड, पावसाळी पर्यटकांच्या गाड्या यांतले कोणते संकट मोठे, यावर अभ्यासकांत मतभेद असू शकतात. झुडूप तुटले की अंडे वाळते, एवढ्यावर नसावेत.

याखेरीज एक न दिसणारे संकट आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या डोंगररानांत, जिथे अभयारण्ये होती, कुऱ्हाड पोहोचली नव्हती अशा ठिकाणीही, बेडूक भराभर नाहीसे होऊ लागले. कारण होते उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी एक कायट्रिड बुरशी. तिचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झाले. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यात तिच्यामुळे निदान ५०१ जाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे मांडले गेले. २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी आढळल्याचे दाखवले. तो प्रकार आशियातला, जुना. अँडीजसारखा हाहाकार इकडे झालेला नाही. २०२३ च्या जागतिक मूल्यमापनाप्रमाणे उभयचरांच्या दर पाच जातींमागे दोन धोक्यात आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांच्या कोणत्याही वर्गाची अवस्था इतकी वाईट नाही.

या पार्श्वभूमीवर नावाचा प्रश्न हौसेचा राहत नाही. संरक्षणाच्या यादीत चढण्यासाठी, न्यायालयात उल्लेख होण्यासाठी, खाणीच्या परवानगीच्या कागदावर आडवे येण्यासाठी आधी नाव लागते. आणि ज्या गावाच्या हद्दीत तो प्राणी राहतो त्या गावाला ते उच्चारता यावे लागते. इथे एक आशादायक गोष्ट घडली आहे, आणि ती भाषाशिक्षकांच्या विशेष लक्षात राहावी. २०१४ मध्ये आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि डहाणूकर यांनी आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या कपारींत राहणाऱ्या एका बेडकाचे वर्णन केले. नाव ठेवताना ते ग्रीककडे गेले नाहीत, लॅटिनकडेही गेले नाहीत. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याला ज्या शब्दाने ओळखतात तो घेतला आणि नाव केले 'इंडिराना चिरावासी'. चिऱ्यात वसणारा. आता जगातल्या कोणत्याही देशाच्या संशोधकाला या बेडकाविषयी लिहिताना एक अस्सल मराठी शब्द लिहावा लागतो. त्याआधीच्याच वर्षी पाध्ये, अमित सय्यद, अनुश्री जाधव आणि डहाणूकर यांनी महाराष्ट्राच्या घाटातल्या एका झुडपी बेडकाला पुण्याचे अध्यापक हेमंत घाटे यांचे नाव दिले होते. 'राओर्केस्टेस घाटेई' या नावात दोन पिढ्यांचे दोन प्राध्यापक शेजारी बसले आहेत, शिवाय कानाला घाटही ऐकू येतो. तो श्लेष नाव देणाऱ्यांना अभिप्रेत होता की नाही, हे महत्त्वाचे नाही.

उरतो बोलीतल्या नावांचा प्रश्न. 'बुश फ्रॉग'चे 'झुडपी बेडूक' हे भाषांतर आम्ही या लेखात वापरले, पण ते समाधानकारक नाही. एक तर ते इंग्रजीची सावली आहे, आणि दुसरे म्हणजे साठसत्तर जातींना मिळून ते एकच नाव आहे. सूक्तकाराने नोंदवलेली अडचण तशीच राहते. 'बॉम्बेएन्सिस'चे 'मुंबईचा झुडपी बेडूक' करावे तर इलाख्याची चूक शहराच्या गळ्यात पडते. 'कॅसलरॉकचा' म्हणावे तर स्टेशनाचे नावच इंग्रज. पक्षिकोशकारांची पद्धत धरली तर रानात आधी कान लावावा लागेल आणि धनगरवाड्यांवर, गवळ्यांच्या वस्त्यांवर जाऊन रात्रीचे वेगवेगळे आवाज ऐकवून विचारावे लागेल की याला काय म्हणता. असे शब्द तिथे असतील किंवा नसतीलही. नसतील तर ते घडवण्याचे काम मराठीच्या विभागांनी प्राणिशास्त्राच्या विभागांबरोबर बसून करायला हरकत नसावी. एका विद्यापीठाच्या आवारात या दोन इमारतींमधले अंतर चालत दहा मिनिटांचे असते. गारगोट्यांसारख्या आवाजावरून आमच्यातल्या एकाने 'टिचक्या' हे नाव सुचवले आहे, दुसऱ्याला ते पोरकट वाटते. कॅसलरॉकच्या बेडकाला मराठीत काय म्हणायचे ते आम्ही अजून ठरवलेले नाही. वाचकांनी सुचवावे. फक्त सुचवण्याआधी जूनमधली एक रात्र त्याचा आवाज ऐकण्यात घालवावी.